परडं म्हणजे लहान वावर नव्हे : घरच्या घरी विषमुक्त माळवं कसं पिकवायचं?

बीड : चार एकर वावर. त्यात कापूस, सोयाबीन, बांधाला तूर. आणि घरात फोडणीत टाकायला कोथिंबिरीची काडी नाही. ही गत दुसऱ्या कुणाची नाही, माझ्याच घरची सांगतोय.

चार वर्षांपूर्वी शाळेत आरोग्य तपासणी झाली. लेक तेव्हा आठवीत होती. डॉक्टर म्हणाले, "हिच्या अंगात रक्त कमी आहे. गोळ्या देतो, पण जेवणात पालेभाजी येऊ द्या." घरी येऊन हिशेब केला तर लक्षात आलं, आमच्याकडं भाजी येते आठवडी बाजाराच्या दिवशी. पहिले दोन दिवस मेथी-पालक, तिसऱ्या दिवशी सुकलेली वांगी, आणि त्यानंतर पुढच्या बाजारापर्यंत बटाटा, बेसन नाहीतर डाळ. शेतकऱ्याच्या घरात ही परिस्थिती.

आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात घरामागं परडं असायचं. न्हाणीच्या पाण्यावर अळू, केळ, कुंपणावर दोडका, वालाचा वेल, दारात मिरचीची झाडं. नंतर तिथं संडास-बाथरूम झालं, फरशी आली, गाडी लावायला जागा केली, आणि माळवं बाजारातून यायला लागलं. म्हटलं, आपण परत सुरू करू. शेती तर रोजच करतो, ह्यात काय अवघड?

इथंच चुकलो.

आधी आमची फजिती

पहिल्या वर्षी जूनमध्ये घरामागची अर्धा गुंठा जागा काढली. गोठ्यातलं ताजं शेण ओढून टाकलं. दुकानातून सात-आठ पाकिटं आणली आणि एकाच दिवशी सगळं बी पेरून मोकळा झालो. पेरणी म्हटलं की वाफसा बघून एका दमात उरकायची, ही सवय.

पंचवीस-तीस दिवसांनी सगळी मेथी एकदम आली. आठ दिवस मेथी खाल्ली, गल्लीत वाटली, उरलेली फुलावर गेली. त्यानंतर दोन महिने पालेभाजी नाही. वांग्याची रोपं उभ्या उभ्या सुकायला लागली. उपटून बघितलं तर मुळ्या खाल्लेल्या आणि मातीत पांढऱ्या जाड अळ्या. हुमणी! कच्च्या शेणाबरोबर मीच ती आणून घातली होती.

टोमॅटोची तऱ्हा आणखी वेगळी. पानांवर मावा दिसला म्हणून निंबोळीचा अर्क केला आणि वावरातल्या पंपानं फवारला. आठवड्यात पानं अरुंद होऊन दोरीसारखी पिळवटली. मला वाटलं रोग आला. मग आठवलं, त्याच पंपानं महिन्याभरापूर्वी बांधावरच्या गाजरगवतावर टू-फोर-डी हे तणनाशक मारलं होतं. पंप धुतला होता, पण नुसत्या पाण्यानं एकदा खळबळून. टोमॅटोला आणि कपाशीला ह्या औषधाचा अंशही पुरतो. झाडं उपटून टाकावी लागली.

त्या वर्षी एक गोष्ट शिकलो, आणि ह्या लेखातून तीच सांगायची आहे. शेतकऱ्याला परसबाग का जमत नाही, तर तो तिथंही वावरासारखं वागतो. वावरात आपण एकच पीक घेतो, एकदम पेरतो, एकदम काढतो, कीड दिसली की फवारतो. परड्यात रोज थोडं पेरायचं, रोज थोडं तोडायचं, रोज थोडं बघायचं. वावर बाजारासाठी असतं, परडं चुलीसाठी.

जागा : 10 बाय 10 फूट पुरे

नवीन करणाऱ्या कुटुंबानं मोठी जागा घेऊ नये. 10 फूट लांब, 10 फूट रुंद एवढीच आखा. त्यात 4 फूट रुंदीचे दोन वाफे आणि मधे 2 फुटांची वाट. वाफ्याच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी हात पोचला पाहिजे, वाफ्यात पाय पडता कामा नये. पाय पडला की माती दडपते आणि मुळांना हवा मिळत नाही.

जागेवर दिवसाचं निदान सहा तास ऊन हवं. लिंबाच्या किंवा चिंचेच्या दाट सावलीत भेंडी-टोमॅटो येत नाहीत. आपल्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचतं, म्हणून वाफे वीतभर उंच करा. मुरमाड जागा असेल तर सपाट चालतील, पण शेणखत जास्त लागेल.

कुंपण आधी, बी नंतर. शेळी आणि कोंबडी ह्यांच्यासारखी नासाडी कुठलीच कीड करत नाही. येड्या बाभळीच्या फांद्या आणि आतून जुन्या साड्या बांधल्या तरी काम भागतं. हेच कुंपण पुढं वेलांना मांडव म्हणून उपयोगी पडतं.

आता खरं तेही सांगतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2011 मध्ये मोठ्या माणसानं दिवसाला किमान 300 ग्रॅम भाजी खावी असं सांगितलं होतं. म्हणजे पाच माणसांच्या घराला दिवसाला दीड किलो, आठवड्याला दहा किलोच्या आसपास. 10 बाय 10 मध्ये एवढं सगळं निघणार नाही. पण पालेभाजी, मिरची-कोथिंबीर आणि दोन-तीन दिवसांची फळभाजी निघते. एक वर्ष जमलं की मग जागा वाढवा.

माती आणि शेणखत

शेणखत कुजलेलंच पाहिजे. ओळखायचं कसं? मुठीत घेतलं तर भुसभुशीत लागतं, शेणाचा वास येत नाही, पावसाळ्यातल्या मातीचा येतो. पोवटा फोडल्यावर आत हिरवट-ओलं दिसलं, किंवा मुठीला गरम लागलं, तर ते कच्चं. उकिरड्याच्या तळाचं, निदान सहा-आठ महिने जुनं खत घ्या. चाळताना हुमणीच्या अळ्या दिसल्या तर वेचून कोंबड्यांना टाका.

10 बाय 10 जागेला चार-पाच घमेली खत पुरतं. ते वरच्या वीतभर मातीत कुदळीनं मिसळा.

जीवामृताचं बहुतेकांना माहीत आहे, पण प्रमाण 200 लिटरचं सांगितलं जातं आणि घरी तेवढं लागत नाही. परड्यासाठी 20 लिटरचं करा : 20 लिटर पाणी, 1 किलो देशी गाईचं ताजं शेण, 1 लिटर गोमूत्र, 200 ग्रॅम गूळ, 200 ग्रॅम बेसन, बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळा. दोन-तीन दिवसांनी तयार होतं, आठवड्याच्या आत वापरून टाका. पंधरा दिवसांतून एकदा झाडाच्या बुडाला ओता. पालेभाजीच्या पानांवर शिंपडू नका, पानं आपण खाणार आहोत. आणि तोडलेली भाजी, घरची असली तरी, स्वच्छ पाण्यानं दोनदा धुवायचीच.

एक इशारा घरातल्या मोठ्यांसाठी. आमच्या दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकदा गुपचूप मूठभर युरिया टाकला. म्हणाले, "एवढ्यानं काय होतंय?" आठ दिवसांत झाडं हिरवीगार झाली आणि पुढच्या आठ दिवसांत माव्यानं भरली. लुसलुशीत वाढ झाली की रस शोषणाऱ्या किडीला आवतण मिळतं. कीड आली की औषध, औषध आलं की विषमुक्त कसलं? म्हणून त्या मुठीपासूनच थांबायचं.

काय लावायचं, कधी लावायचं

पहिल्या वर्षी कोबी, फ्लॉवर, सिमला मिरचीच्या नादी लागू नका. त्यांना कीड फार. जे सहज येतं ते लावा.

मृगाच्या पावसावर (जून-जुलै) : भेंडी, गवार, चवळी, वांगी, मिरची, तांदुळजा, अंबाडी, शेपू. कुंपणाला दोडका, कारलं, दुधी, वाल.

हस्ताचा पाऊस सरल्यावर (ऑक्टोबर-नोव्हेंबर) : मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर, चुका, टोमॅटो, कांद्याची पात.

संक्रांतीनंतर (जानेवारीअखेर-फेब्रुवारी) : गवार, भेंडी, काकडी, तांदुळजा. पाणी असेल तरच.

किती दिवसांत ताटात येतं? मेथी 25 ते 30 दिवस, पालक 30 ते 35, कोथिंबीर 40 ते 45, मुळा दीड महिना, भेंडी 45 ते 50, गवार आणि दोडका दोन महिन्यांच्या आसपास. टोमॅटो रोप लावल्यापासून सव्वादोन-अडीच महिने.

पहिला वाफा पालेभाजीचा. त्याचे चार तुकडे करा. आज एकात पेरा, आठ-दहा दिवसांनी दुसऱ्यात, मग तिसऱ्यात, मग चौथ्यात. चौथा पेरून होईपर्यंत पहिला काढायला येतो. रिकामा झाला की घमेलंभर खत टाकून पुन्हा पेरा. आमची पहिल्या वर्षीची चूक एवढ्या एका युक्तीनं सुटली.

दुसरा वाफा फळभाजीचा. त्यात भेंडीची पंधरा झाडं, गवारीची एक ओळ, वांग्याची दोन आणि मिरचीची चार झाडं बसतात. वांगी दोनच का? कारण दोन झाडं नीट धरली तर घराला होतात. भेंडी एक दिवसाआड तोडायचीच, खायची नसली तरी. झाडावर जून होऊ दिली की झाड नवी फुलं धरायचं थांबवतं.

बारीकसारीक पण कामाचं : धने अख्खे पेरू नका. चपलेखाली हलके रगडून दोन फाका करा आणि रात्रभर भिजवा. कारलं-दोडक्याचं बी टणक असतं, तेही रात्रभर भिजवून लावा. टोमॅटो, वांगी, मिरची ह्यांची आधी रोपं करावी लागतात. टोमॅटो-वांग्याला महिनाभर, मिरचीला दीड महिना लागतो. रोपं फुटक्या टोपल्यात, जुन्या डब्यात करा, पण औषधाच्या रिकाम्या डब्यात-कॅनमध्ये कधीच नाही. तसल्या कॅननं पाणीही घालू नका. औषध प्लास्टिकमध्ये मुरतं, धुतल्यानं पूर्ण जात नाही.

पाणी

उन्हाळ्यात 10 बाय 10 ला दिवसाला तीन-चार हंडे पाणी लागतं. पावसाळ्यात उघडीप पडली तरच, हिवाळ्यात एक दिवसाआड. आपल्याकडं टँकरची वाट बघणारी गावं आहेत, तिथं एवढं कुठून आणायचं?

तर आधी पाणी उडू देऊ नका. सोयाबीनचं भुसकट, उसाचं पाचट, वाळका पाला, जे असेल ते झाडांच्या बुडाशी बोटभर जाडीनं पसरा. ओल टिकते आणि तणही कमी येतं. त्या भुसकटावर तणनाशक पडलेलं नसावं एवढं बघा.

दुसरं, तांदूळ-डाळ-भाजी धुतलेलं पाणी मोरीत सोडू नका, बादलीत साठवा. ते सरळ वाफ्याला चालतं. साबणाचं पाणी मात्र पालेभाजीला नको. ते कर्दळ, केळ, अळू ह्यांच्याकडं वळवा. आज्या हेच करत होत्या.

तिसरं, वेलाच्या बुडाशी जुनं मडकं गळ्यापर्यंत पुरा. पक्कं भाजलेलं, पण आतून-बाहेरून रंग न लावलेलं पाहिजे. त्यात पाणी भरून वर झाकण ठेवा. मडकं हळूहळू पाझरतं आणि वेलाच्या मुळ्या त्याच्या कडेला येतात. भर उन्हाळ्यात दोन-तीन दिवस बघायची गरज पडत नाही.

कीड आली तर

पहिलं औषध म्हणजे डोळे. सकाळी चहा पिताना परड्यातून एक चक्कर मारा. पानाच्या खालच्या बाजूला बघा. अंडी-अळ्या दिसल्या तर ते पान तोडून चुलीत घाला. शंभर फुटांच्या जागेत हे दहा मिनिटांचं काम आहे. वावरात हे होत नाही, इथं होतं. लहान लेकरं तर अळ्या शोधायला शर्यत लावतात.

मावा दिसला तर सकाळी दवावर चुलीची चाळलेली राख उडवा. पांढऱ्या माशीसाठी पिवळ्या डब्याला बाहेरून एरंडेल चोपडून काठीवर उलटा टांगा, माश्या चिकटतात. टोमॅटोच्या कडेला झेंडू लावा. फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूकडं ओढला जातो, आणि त्याच्या मुळ्यांमुळं सूत्रकृमीही कमी होतात.

तरीही आटोक्यात येत नसेल तर निंबोळी अर्क. 1 लिटर पाण्याला 50 ग्रॅम निंबोळी पावडर. संध्याकाळी फडक्यात बांधून भिजत घाला, सकाळी पिळून गाळून घ्या, त्यात थोडा साबणाचा चुरा विरघळवा. त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर फवारा. सध्या लिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडायला लागलाय. गर काढून धुवा, सावलीत वाळवा, वर्षभर कामाला येतात.

फवारायला वावरातला पंप नको म्हणजे नको. न्हाव्याकडं केसांवर पाणी मारायची बाटली असते ना, तसली एक नवी घ्या आणि तिच्यावर रंगानं 'परडं' असं लिहून ठेवा.

भेंडीचं पान पिवळं पडून शिरांची जाळी दिसायला लागली तर तो केवडा रोग. त्याला औषध नाही, राखही चालत नाही. पांढरी माशी तो पसरवते. झाड लगेच उपटा. परभणी क्रांती, अर्का अनामिका ह्या जातींवर तो कमी येतो.

विषमुक्तचा एवढा अट्टहास कशाला, असं काही जण विचारतात. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपण सगळ्यांनी वाचलं. फवारलेल्या पिकाला काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं हे डब्यावर लिहिलेलं असतं. वावरातला कापूस आपण खात नाही. परड्यातली मिरची मात्र आज तोडून आजच खातो. तिथं थांबायला दिवसच नाहीत. तुमच्या घराला लागून कपाशीचं वावर असेल तर त्या बाजूला मक्याची किंवा शेवरीची दाट ओळ लावा, आणि शेजाऱ्याला सांगून ठेवा की वारं घराकडं असताना फवारू नको.

बी घरचं

दुकानातलं बी गुलाबी, निळं, हिरवं दिसलं तर त्याला औषध चोळलेलं असतं. दुकानदाराला साधं, रंग न लावलेलं आणि सरळ वाणाचं बी मागा. संकरित म्हणजे हायब्रीड बियाण्याचं बी धरलं तर पुढच्या वर्षी झाडं एकसारखी येत नाहीत. सरळ किंवा गावरान वाणाचं येतं.

शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे ह्यांनी हेच काम केलं. गावरान बियाणं जपून बीज बँक उभी केली. 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्याला बँक नको, एक डबा पुरे. भेंडी, गवार, चवळी, वाल ह्यांच्या चांगल्या झाडावरच्या दोन-चार शेंगा पूर्ण वाळू द्या. बी काढून, सावलीत वाळवून, राखेत मिसळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. वर नाव आणि महिना लिहा. सुरुवातीला बी गावातल्या म्हाताऱ्या बायांकडं मागा. कुणाच्या तरी उतरंडीत वालाचे चार दाणे निघतातच.

अडचण आली तर जिल्ह्यात गेवराई तालुक्यातल्या खामगावला आणि अंबाजोगाईजवळ दिघोळ अंब्याला कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथं विचारता येतं. बचत गटातल्या ताईंनी उमेदच्या कार्यकर्त्यांना पोषण परसबागेबद्दल विचारावं.

ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी

दसरा-दिवाळीला ज्यांची बिऱ्हाडं कारखान्यावर जातात, त्यांनी पावसाळ्याचाच हंगाम धरावा. जूनमध्ये पेरलं तर जुलैअखेरपासून जायच्या दिवसापर्यंत घरचं खाता येतं. मागं म्हातारी माणसं आणि शाळेची लेकरं राहतात. त्यांच्यासाठी शेवगा आणि वाल ह्यांवर भर द्या. शेवग्याला एकदा मूळ धरलं की फार पाणी लागत नाही, पाल्याचीही भाजी होते. वाल जायच्या आधी कुंपणावर चढलेला असतो आणि हिवाळाभर शेंगा देतो.

काम कुणाचं?

हे शेवटी लिहितोय, पण महत्त्वाचं आहे. पहिल्या वर्षी सगळी हौस माझी आणि सगळं पाणी कारभारणीच्या डोक्यावर. श्रावणात ती म्हणाली, "तुमच्या बागेपायी माझी कंबर गेली." तिचं खरं होतं. दुसऱ्या वर्षी वाटणी केली. खोदणं, खत, कुंपण माझं. पाणी लेकाचं. पेरणी आणि बी लेकीचं, तिनं वहीत तारखा लिहायच्या. दादांचं राखण. कारभारणीनं फक्त तोडायचं आणि काय हवं ते सांगायचं. बाईच्या कामात आणखी एक काम वाढवणारी परसबाग दुसऱ्या वर्षापर्यंत टिकत नाही.

आज आमच्याकडं बाजारातून कांदा, बटाटा, लसूण आणि कधीमधी फ्लॉवर येतो. लेकीचं रक्त वाढलं ते दवाखान्यातल्या गोळ्यांनी, हे कबूल केलं पाहिजे. भाजी हे औषध नव्हे, डॉक्टरनं दिलेल्या गोळ्या बंद करू नका. पण आता तिच्या ताटात आठवड्यातले पाच दिवस हिरवं असतं आणि वर लिंबू पिळलेलं असतं. लिंबामुळं भाजीतलं लोह अंगी लागायला मदत होते.

मृगाआधी एवढं करा

1. सहा तास ऊन पडणारी 10 बाय 10 जागा आखा.
2. कुंपण घाला.
3. उकिरड्याच्या तळाचं चार-पाच घमेली खत चाळून मिसळा.
4. निंबोळ्या वेचून वाळत घाला.
5. वांगी-मिरचीचं बी टोपल्यात टाका.
6. कोण काय करणार हे घरात बसून ठरवा.

पहिला पाऊस पडून वाफसा आला की पालेभाजीच्या वाफ्याचा फक्त एक तुकडा पेरा. हातात बी उरलं तरी पेरू नका. उरलेलं दहा दिवसांनी.